नव्वद पाउंड कोरडी हवा

(दृश्य: जुलै महिना. चिपळूणजवळचं एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. बाहेर पाऊस, आत ट्यूबलाइट.)

सकाळी शटर वर गेलं की इथलं पहिलं काम गाडीचं नसतं. शिकाऊ पोरगा कॉम्प्रेसरपाशी उकिडवा बसतो आणि टाकीच्या तळाचा कॉक उघडतो. आधी फसफस, मग गंजाच्या रंगाचं पाणी.

"सगळं जाऊ दे रे. नुसती हवा यायला लागली की मग बंद कर," मिस्त्री आतून सांगतात.

"हो काका."

हे पाणी टाकीत कुणी ओतलेलं नाही. ते हवेतूनच आलंय. कोकणातल्या पावसाळ्यात एक घनमीटर हवेत साधारण 25 ग्रॅम बाष्प असतं. कॉम्प्रेसर ती हवा दाबून आठव्या हिश्शावर आणतो. एवढ्याशा जागेत तेवढं बाष्प मावत नाही, हवा गार झाली की त्याचं पाणी होतं. एक सँडर, म्हणजे पॉलिश पेपर फिरवून पत्रा घासणारं हवेवरचं यंत्र, तासभर सलग चालवला तर सुमारे 27 घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, थोडं टाकीत, थोडं पुढे पाइपात. ते अडवलं नाही तर थेट यंत्रात.

(दृश्य: हातात मावणारा सँडर, 150 मिलिमीटरची गोल पॅड.)

हाच तो हवेवर चालणारा सँडर. वजन एक किलोच्या आसपास. आत तारांची गुंडाळी नाही, कार्बन ब्रश नाहीत. एका गोल पोकळीत जरा एका बाजूला सरकवून बसवलेला रोटर आणि त्याच्या खाचांमध्ये सरकणाऱ्या पातळ पात्या, एवढाच संसार. हवा पात्यांना ढकलते आणि रोटर मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या घेतो. पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात डोलतेही. पुट्टीवर, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरणाऱ्या लेपावर, 5 मिलिमीटरचं डोलणं चालतं, शेवटच्या हाताला 2.5 चं. कागदाचा एकही कण त्याच वाटेवरून पुन्हा जात नाही, म्हणून लांब ओरखडे पडत नाहीत.

विजेच्या सँडरवर जोर दिला की त्याची मोटर तापते. हा फार तर थांबतो, हात उचलला की पुन्हा फिरतो. दिवसभर बॉनेट, दरवाजे, छत घासणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. विजेच्या हिशेबात मात्र हवा महाग पडते, हे मान्य करायला हवं.

आणि इथेच बहुतेक गॅरेजं चुकतात, असं माझं स्पष्ट मत आहे. सँडर चांगल्यातला घेतात आणि जोडतात 2 एचपीच्या कॉम्प्रेसरला. सँडरला सलग 15-16 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, हवा लागते. एका एचपीमागे मिळते साधारण 4. दोन मिनिटांत पॅड मंदावते, मग माणूस जोर देतो आणि पत्र्यावर डुकराच्या शेपटीसारखे गोल ओरखडे उमटतात. दोष यंत्राला लागतो. या गॅरेजमध्ये 5 एचपीचा कॉम्प्रेसर आहे आणि पाइप 10 मिलिमीटरचा. मिस्त्री दाब बघतात तो ट्रिगर दाबून, सँडरच्या तोंडाशी. चालत्या यंत्राला चौरस इंचाला 90 पाउंड दाब मिळाला पाहिजे. बंद यंत्रावर काटा काहीही दाखवतो.

(दृश्य: छताजवळून गेलेली हवेची लाइन.)

ही लाइन मुद्दाम तिरकी आहे. पाणी उताराने शेवटच्या कॉककडे जातं. सँडरसाठी फाटा काढलाय तो मोठ्या पाइपाच्या वरच्या अंगाने, मग वळवून खाली. पाणी तळाने वाहतं, फाट्यात शिरत नाही. पुढे फिल्टर आहे.

तेलाचं भांडं मात्र या लाइनवर नाही. पात्यांना तेल हवंच असतं, पण स्प्रे गनही याच लाइनवर चालते. तेलाचा सूक्ष्म थेंब रंगात गेला तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि अख्खं पॅनल पुन्हा घासावं लागतं. म्हणून सकाळी सँडरच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब, आणि गाडीपासून लांब नेऊन तो क्षणभर मोकळा फिरवायचा.

(दृश्य: दरवाज्यावरची पुट्टी. बाजूला रिकामी बादली.)

पाण्यात भिजणारा पॉलिश पेपर थ्रीएमने 1921 साली बाजारात आणला. कल्पना फ्रान्सिस ओकी यांची. रंगाची उडणारी धूळ त्याने बसवली, हे उपकार मोठेच. पण पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. पाण्याने घासून वर प्रायमर मारला की ओल आत कोंडते आणि काही महिन्यांनी फोड येतात. म्हणून पुट्टीवर बादली नाही. सुका घास: आधी 80 नंबरचा खरखरीत कागद, मग 180, मग बारीक 320. मधला नंबर गाळला, तर 80 चे ओरखडे रंगाखालून वर येतात.

सुक्या घासाची धूळ मात्र आपली आपल्यालाच गिळावी लागते, हे मला बघवत नाही. भोकांची पॅड, भोकांचा कागद, त्यामागे व्हॅक्यूमचा पाइप, आणि तोंडावर नीट बसणारा मास्क. रुमाल हा मास्क नव्हे.

(दृश्य: मिस्त्रींचे हात.)

हे हात पाहा. थरथरणारं यंत्र वर्षानुवर्षं धरलं की बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, गारठ्यात बोटं पांढरी पडतात. युरोपच्या 2002 च्या नियमांत आठ तासांच्या कामाला 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं कंपन गाठलं की मालकाने उपाय सुरू करावेत, असं आहे. चांगल्या सँडरमध्ये पॅडच्या वजनाला तोलणारं वजन आत बसवलेलं असतं. त्याच्यावर भलत्याच वजनाची स्वस्त पॅड लावली की तो तोल गेला. महागड्या यंत्राचे पैसे या तोलाचे असतात, आणि ते माणसाच्या मनगटासाठी दिलेले असतात.

"दाबू नको," मिस्त्री पोराच्या हातावर हात ठेवतात. "त्याच्या वजनानं चालू दे. तू फक्त वाट दाखव."

पोरगा दाबणं सोडतो. सँडरचा आवाज बदलतो, वर चढतो, एकसारखा होतो. तो दुसऱ्या हाताची बोटं पुट्टीवरून डोळे मिटून फिरवतो. कड लागत नाही.

बाहेर पाऊस तसाच आहे. जेवणाची सुट्टी झाली; पोरगा आधी कॉकपाशी जातो.