मिरजेचा तानपुरा: भोपळ्यापासून जवारीपर्यंत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पडवीत, जिन्याखाली आणि माडीच्या वाशांना जे भोपळे टांगलेले दिसतात, ते खाण्याच्या जातीचे नाहीत. पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या परिसरातील शेतकरी खास वाद्यांसाठी कडू भोपळ्याची ही जात पिकवतात. फळ पूर्ण पोसले की ते वाळवले जाते, आणि आतला गर सुकून साल लाकडासारखी टणक झाल्यावरच ते कारागिराच्या दारात येते. तिथे त्याची पारख होते. घेर किती आहे, दोन्ही बाजू सारख्या भरल्या आहेत का, देठाकडचा भाग कसा निमुळता झाला आहे, सालीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, हे सारे डोळ्यांनी आणि बोटांनी पाहिले जाते. मग भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली जाते. तो आवाज पसंत पडला नाही, तर दिसायला कितीही देखणा असलेला भोपळा बाजूला ठेवला जातो.

हे काम करणारी कुटुंबे मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी ओसरली आणि १८५० च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे वाद्यनिर्मितीकडे आपले कसब वळवले. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी इथेच शिकले, आणि पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेतच घर केले. असे कान शेजारी असल्यावर वाद्यातली लहानशी उणीवही झाकून राहणे शक्य नव्हते. पोलाद घासून त्याची धार अजमावणारा हात पुढे घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, पृष्ठभाग घासू लागला, आणि कामाची ही जात पाहता त्या दोन व्यवसायांत फारसे अंतर नाही, असे इथल्या घरांत बसल्यावर वाटू लागते.

भोपळा कापताना त्याचा दर्शनी भाग करवतीने उतरवला जातो आणि आतील वाळलेला गर खरवडून काढला जातो. कापलेला भोपळा पाण्यात भिजवला की साल काही काळ नरम होते. त्या अवधीत त्याच्या तोंडात आडव्या काठ्या बसवून ते हव्या त्या रुंदीला ताणले जाते, आणि तसेच पुन्हा वाळू दिले जाते. निसर्गाने दिलेला आकार आणि वाद्याला हवा असलेला आकार यांचा मेळ याच टप्प्यावर बसतो. इथे घाई केली तर साल तडकते, आणि तडकलेल्या भोपळ्याचे चांगले वाद्य होत नाही.

लाकूड तून या झाडाचे वापरले जाते. ते वजनाला हलके असते, त्याचा रंग लालसर असतो आणि नीट मुरलेले असेल तर ते सहसा वाकत नाही. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा अखंड ठोकळ्यातून कोरून काढतात. दांडी आतून पोकळ करून तिच्यावर सपाट पट्टी बसवतात. भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडी चकती बसते ती तबली, आणि तानपुऱ्याचा आवाज मोठ्या प्रमाणात तिच्यावर अवलंबून असतो. ती सपाट नसते, मध्याकडे किंचित फुगीर असते. रंधा आणि पटाशीने ती तासत असताना कारागीर वारंवार थांबतो, तबली कानाशी धरतो, तिच्यावर ठोका देतो आणि पुन्हा तासू लागतो. फार जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाखाली ती खचते. या दोहोंमधली जागा कोणत्याही मापपट्टीवर लिहिलेली नाही, कारण प्रत्येक लाकूड आणि प्रत्येक भोपळा वेगळा असतो. जोड सरसाने बसतात, दोऱ्यांनी करकचून बांधले जातात आणि वाळेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही.

त्यानंतरचे काम पाहणाऱ्याला सर्वांत सुंदर वाटते. गळ्याभोवती कोरलेली पाने, सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टोकदार हत्याराने ओढलेल्या वेलबुट्ट्या, त्या रेषांत भरलेला काळा रंग आणि चपडा लाखेच्या पॉलिशचे कापडी बोळ्याने दिलेले हात, यांत पुष्कळ दिवस जातात. घेणारा बहुतेक वेळा याच कामावर भाळतो, परंतु तानपुऱ्याची किंमत ज्यामुळे ठरायला हवी ते काम अजून सुरूही झालेले नसते.

आता खुंट्या बसतात, तारा चढतात. मधल्या दोन, म्हणजे जोडाच्या, तारा पोलादी असतात आणि शेवटची, खर्जाची, पितळी. वरच्या टोकाला तारगहन या भोकांच्या पट्टीतून आणि अटी या आडव्या पट्टीवरून निघालेली तार खाली तबलीवरच्या घोडीवर टेकते, पुढे सूर बारीक जुळवण्यासाठी ओवलेल्या मण्यातून जाते आणि भोपळ्याच्या तळाशी असलेल्या लंगोटीला अडकते. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. कायद्याने ते बंद झाल्यापासून ती शिसवीची, उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची करतात.

व्हायोलिनसारख्या वाद्यात तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, आणि तिचा माथा तारेच्या दिशेने अगदी मंद उताराने गोलावलेला असतो. हा उतार कानसेने आणि पॉलिश कागदाने घासून साधणे म्हणजे जवारी काढणे. कारागीर दोन-चार हात फिरवतो, तार पुन्हा जागेवर घेतो, छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. उतार योग्य साधला की थरथरणारी तार घोडीला क्षणोक्षणी स्पर्श करून सुटते आणि तिच्यातून वरच्या स्वरांची एक रांग उमटू लागते.

भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात संशोधन करीत असताना १९२१ साली याच घोडीवर लिहिले होते. जोडाची तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, तिथे आहे तो तार सप्तकातला षड्ज (वरचा सा) ऐकू येऊ नये, असा ध्वनिशास्त्रातला नियम आहे. तानपुऱ्यावर तो षड्ज स्पष्ट ऐकू येतो. तार एका ठाम बिंदूवर न संपता वक्र पृष्ठभागाला घासत संपते, हे त्याचे कारण. जगभर शिकवला जाणारा नियम जिथे लागू पडत नाही अशी घोडी या गल्लीतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या कानाने घडवत आली आहेत, आणि माझ्या मते त्यांना कारागीर म्हणून सोडून देणे अपुरे आहे. ती गाण्याच्या परंपरेतलीच माणसे आहेत.

घोडी घासून झाली की तारेखाली सुताचा एक धागा सरकवला जातो. तो केसभर पुढे किंवा मागे गेला की तारेचा आवाज मिटतो किंवा उघडतो. त्याची नेमकी जागा सापडली की चारही तारा, पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज, एकमेकींत मिसळतात, आणि खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. पुरुषी आवाजासाठी मोठ्या भोपळ्याचा आणि लांब तारांचा तानपुरा साधारण पेटीच्या काळी एक या पट्टीच्या आसपास बोलतो. बायकी तानपुरा आकाराने लहान असतो आणि तो काळी चारच्या आसपास लागतो. पट्टी बदलली की तारांची जाडी बदलते आणि तिच्याबरोबर जवारीही नव्याने पाहावी लागते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दरम्यान इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरील अ‍ॅप घरोघरी पोहोचले आहेत, आणि या घरांतील काही मुले दुसऱ्या कामांकडे वळली आहेत.

तानपुरा विकला गेला म्हणून काम संपत नाही. तारांच्या घर्षणाने घोडीवर बारीक खाचा पडतात, आवाज बसतो, आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. त्यासाठी गायक वाद्य घेऊन मिरजेला येतात, समोर बसून आपली पट्टी सांगतात, आणि त्या आवाजाच्या जातीनुसार जवारी खुली (झणझणीत) ठेवायची की गोल (मऊ), हे कारागीर ठरवतो. नवा तानपुरा घेणाऱ्यानेही शक्य असेल तर तो घरपोच न मागवता इथे यावे, जवारी निघत असताना स्वतः गाऊन दाखवावे, आणि तबलीच्या आत ज्याचे नाव चिकटवलेले नसते त्या घासणाऱ्या माणसाचे नाव विचारून घ्यावे.