रील उत्तर देतं, विचारत काहीच नाही

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. अध्यक्षांनी माझी ओळख इतकी लांबवली की माझी पाच मिनिटं तिथंच गेली, ती मी शेवटी वसूल करणार आहे. पत्रिकेत विषय छापलाय 'सोशल मीडिया आणि मानसिक आरोग्य', त्यामुळे तुम्हाला वाटत असेल आता हा म्हातारा डॉक्टर तासभर मोबाईलच्या नावानं खडे फोडणार. नाही फोडणार. ज्या घरात 'मला उदास वाटतंय' म्हटलं की 'सुखात आहेस म्हणून सुचतंय' असं उत्तर मिळायचं, त्याच घरात आज कॉलेजातली मुलगी आईला सांगते की मला पॅनिक अटॅक येतात, आणि हे तिला रील बघूनच कळलेलं असतं, ते मी मान्य करतो. माझी तक्रार एकच आहे. रील उत्तर देतं, प्रश्न विचारत नाही. आणि आमचा सगळा धंदाच प्रश्नांवर चालतो. झोप किती, मधेच जाग येते का, भूक कशी, हे कधीपासून, घरात आधी कुणाला होतं का, थायरॉइड तपासलंय का, बी-ट्वेल्व्ह तपासलंय का, पिता का, खरंच एवढीच पिता का. हं, तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं, नाव विचारत नाही.

तसं सल्ला देण्याचं वेड आपल्याकडं जुनंच आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्याचं मासिक काढलं. माणूस गणिताचा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे. लोक लाजत लाजत पत्रं लिहायचे, जे बायकोशी बोलता येत नाही ते कर्व्यांना लिहायचे, आणि कर्वे छापून उत्तर द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला, वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, तरी कर्व्यांनी अंक सोडला नाही, १९५३ साली गेले तोवर चालवला. मी हे का सांगतोय, तर तिथं आधी प्रश्न यायचा, कुण्या एका माणसाचा, आणि मग त्याचं उत्तर. आणि उत्तर देणाऱ्याचं नाव अंकावर छापलेलं असायचं, त्याला कोर्टात उभं करता यायचं. आता तुमच्या रीलमधल्या 'माइंड कोच'ला शोधायचं तर कुठं शोधणार सांगा.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो. आमच्या घरी ही सगळ्यांना पाठ आहे, पण तुम्ही अजून ऐकली नाहीये. तपशील सगळे बदललेत. एक कुटुंब आलं, नवरा, बायको आणि सासूबाई. बायको आत आली तीच निदान घेऊन. "डॉक्टर, हे नार्सिसिस्ट आहेत. मी वाचलंय सगळं." नार्सिसिस्ट म्हणजे फक्त स्वतःच्याच प्रेमात असलेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला माणूस. आणि वाचलंय म्हणजे बघितलंय. नवरा तीन-चार महिने धड बोलत नाही, चिडतो, कुठं यायचं म्हटलं की नको म्हणतो. रीलमधली बाई सांगते की सात लक्षणं जुळली तर समजा, जोडीदार नार्सिसिस्ट आहे, या मुद्दाम धरलेल्या अबोल्याला सायलेंट ट्रीटमेंट म्हणतात, अशा माणसापासून लांब व्हा. हिची सातही जुळली. जुळणारच, लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कुणाची जुळत नाहीत? मी तिला बाहेर बसवलं, सासूबाईंना आत घेतलं. त्या पदर सावरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, खरं दुखणं सुनेचं आहे. ती ते नार्सि काय म्हणतात ना, ती आहे." म्हटलं, आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. पिशवीतून चष्मा काढला, मग फोन काढला आणि लावला माझ्यासमोर. तीच बाई, तीच पिवळी कुर्ती, तेच मागं बासरीचं म्युझिक. एकाच रीलवरून सुनेनं नवऱ्याला आणि सासूनं सुनेला नार्सिसिस्ट ठरवलेलं, आणि दोघींनाही त्यानंतर रोज तसलेच व्हिडिओ येत होते, कारण एक पूर्ण बघितला की अल्गोरिदम पुढचे दहा आणून वाढतो.

नवऱ्याला शेवटी बोलावलं. विचारलं, तुम्हाला काय होतंय? तो बराच वेळ गप्पच होता. मग म्हणाला पहाटे चारला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही, ऑफिसात मेल उघडायचीसुद्धा भीती वाटते, कर्ज आहे ते घरी सांगितलेलं नाही, आणि कधीकधी वाटतं गाडी ट्रकखाली घालावी. सरळ सरळ डिप्रेशन होतं, तेही धोक्याच्या पातळीवरचं, आणि बाहेर बायको त्याच्यापासून लांब कसं व्हायचं ते शिकत होती. औषधं आणि काउन्सेलिंगनं तो सावरला. ती पिवळ्या कुर्तीवाली अजून जोरात चालू आहे, परवाच माझ्या मेहुणीनं मला फॉरवर्ड केली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता दहा मिनिटांत. असो, भराभर सांगतो.

कॅनडातल्या डॉक्टरांनी २०२२ साली टिकटॉकवरचे एडीएचडीचे, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या आजाराचे, सगळ्यात जास्त बघितलेले १०० व्हिडिओ तपासले, त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडं टिकटॉक २०२० मध्येच बंद झालं म्हणून खूश होऊ नका, तोच माल इन्स्टावर येतो. वस्तू विसरणं, कामं टाळणं, लक्ष न लागणं हे झोप कमी झाली तरी होतं, काळजीनं होतं, डिप्रेशनमध्येही होतं. जर्मनीत तर एका यूट्यूबरला टुरेट्स आहे, म्हणजे अंगाला आपोआप झटके येतात, तोंडातून नको ते शब्द निघतात असा आजार, त्याचे व्हिडिओ बघून पोरं दवाखान्यात यायला लागली, त्यालाच येतात तसे झटके, त्याच्याच तोंडातले शब्द. पोरं खोटं बोलत नव्हती, त्यांना त्रास खराच होत होता, फक्त आजार टुरेट्स नव्हता.

आता औषधं, हे नीट ऐका. 'गोळ्यांची सवय लागते, आजच सोडा' हे रील सगळ्यात वाईट. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते, मग माणूस म्हणतो बघा, व्यसनच होतं. ज्याला बायपोलर आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी बेफाम उत्साह असा आजार, त्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो मॅनियात, म्हणजे त्या बेफाम उत्साहात, जाऊ शकतो, म्हणून आम्ही विचारतो, कधी न झोपताही भयंकर उत्साह होता का? हे रील विचारणार आहे का तुम्हाला? लिथियम ही बायपोलरची गोळी चालू असेल तर रक्तातली पातळी बघत राहावी लागते, आणि कुणी 'महिनाभर मीठ बंद' चॅलेंज बघून मीठ सोडलं की ती पातळी वर चढते, हात थरथरतात, पुढं प्रकरण ॲडमिटपर्यंत जातं. अश्वगंधासुद्धा निरुपद्रवी समजू नका, यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी विचारा.

अजून एक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं नियम काढलाय की आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं, स्वतःला डॉक्टर किंवा तज्ज्ञ म्हणवत असेल तर, आपली पात्रता सांगायची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, नोंदणी नंबर असतो, तो मागा, खऱ्या माणसाला राग येत नाही. लाइफ कोच व्हायला मात्र कसलीही नोंदणी लागत नाही, माझ्या ओळखीचा एक जण आधी प्लॉट विकायचा.

आणि हा नंबर लिहून घ्या, १४४१६. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडचं माणूस तुम्हाला आधी विचारतं, काय होतंय म्हणून.

दुसरी चिठ्ठी आली, आता बसतो. प्रश्न असतील तर खाली चहाजवळ भेटा, फक्त शेजारणीच्या सुनेला कुठली गोळी द्यावी ते विचारू नका, तिलाच घेऊन या.