निवेदनाची पोच घेतलीत का?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या ठाण्यात, नवी मुंबईत रागाला तोटा नाही. पाणी आलं नाही की बायका हंडे घेऊन विभाग कार्यालयावर जातात. पण हा राग कोणाच्या टेबलावर, कोणत्या महिन्यात न्यायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. माझं म्हणणं असं, की हे शिकवता येतं आणि शिकवायलाच हवं. मोठ्या कंपन्यांकडे, बिल्डरांकडे सरकारदरबारी आपलं म्हणणं पोचवायला पगारी माणसं असतात, त्यांना लॉबिस्ट म्हणतात. अमेरिकेत अशा माणसांनी आपली नोंद जाहीर करावी, असा १९९५ सालचा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. मग ही विद्या गावठाणात आणि सोसायटीत का पोचू नये?

निवेदन कसं द्यायचं, हे मी वर्ग घेऊन शिकवतो. ऐरोलीच्या अशा एका वर्गात बचत गटाच्या ताईंनी निवेदन लिहून आणलं होतं. वर ‘मा. मुख्यमंत्री’, खाली गटार, पाणी, अंगणवाडी, भटकी कुत्री, सगळंच. आम्ही त्यातली एकच मागणी ठेवली: शाळेच्या रस्त्यावरचे बंद दिवे. ताईंनी संध्याकाळी फिरून खांबांवरचे नंबर उतरवून आणले. निवेदन विभाग अधिकाऱ्यांच्या नावे झालं, प्रत शहर अभियंत्यांना आणि आमदारांना. बारनिशीत, म्हणजे कार्यालयात आलेले कागद नोंदवतात तिथे, पोच घेतली: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. हा क्रमांक फार मोलाचा. उत्तर आलं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात ‘अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे.

आमदारांकडे जातानाही ‘लक्ष घाला’ एवढ्यावर थांबू नये. तारांकित प्रश्नाचा मसुदाच हातात द्यावा. त्या प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्नही विचारता येतात.

कोणी म्हणेल, कागदानं काय होतं, रस्त्यावर उतरावंच लागतं. उतरावं लागतंच. ते या मातीला कोणी सांगायला नको. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरणजवळच्या जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील वकील होते, विधिमंडळात मुरलेले होते. म्हणून ‘न्याय द्या’ ही हाक नुसती हाक राहिली नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड, अशी मोजता येणारी मागणी तिच्यातून उभी राहिली आणि पुढे सरकारला ती योजना आणावी लागली. वर्गात मी हे उदाहरण दरवेळी सांगतो, कारण हुतात्म्यांचं स्मरण आपण करतो, पण त्या मागणीची बांधणी मुलांना शिकवत नाही.

आणखी एक, महिन्याचं. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं. खात्यांची आकडेमोड त्याआधीच सुरू झालेली असते. जूनमध्ये गटार तुंबल्यावर मागितलेल्या कामाला त्या वर्षी पैसे मिळणं कठीण. तेव्हा दिवाळी उरकली की मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढा, पालिकेच्या संकेतस्थळावर ते असतं. तुमच्या कामाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या कामाच्या खर्चाच्या सदराखाली, तरतूद किती होती, खर्च किती झाला, ते पाहा. निवेदनाची पहिली ओळ त्या आकड्यानंच सुरू करा.

नमस्कार.