आतली धडधड बाहेर किती दिसते?

माइकसमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताकडे पाहा. एकच पातळ कागद, पण त्याचा कोपरा सारखा थरथरतोय. शरीराच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नाही. धोक्याची चाहूल लागली की रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरतं. छाती धडधडते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते, मग जीभ टाळूला चिकटते. समोर बसलेल्यांपैकी कुणी अंगावर धावून येणार नाही, हे शरीराला कोण सांगणार?

त्यात भर म्हणजे, आपली फजिती सगळ्यांना दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटत असतं. खरी गोम इथेच आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचं २००३ सालचं संशोधन नेमकं यावरच आहे. बोलणाऱ्यांना विचारलं, तुम्ही किती घाबरलेले दिसलात? ऐकणाऱ्यांनाही तेच विचारलं. बोलणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते कमीच घाबरलेले दिसले होते. मग एका प्रयोगात काही जणांना ही गोष्ट भाषणाआधीच समजावून सांगितली. त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली, आणि तीही ऐकणाऱ्यांच्या मते.

‘घाबरू नकोस’ एवढं ऐकून कुणी सभाधीट होत नाही. भीती राहणारच, ती असताना बोलायची सवय करायची. त्यासाठी सराव मनातल्या मनात नको. उभं राहून, मोठ्याने, आधी एकाच ओळखीच्या माणसासमोर करावा. अख्खं भाषण घोकू नये, कारण एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. सुरुवातीची दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. भीतीचा जोर बहुधा तिथेच असतो. बोलण्यात गुंतलं की तो ओसरू लागतो.

कागदाची थरथर मात्र खरंच दिसते. त्यावर उपाय अगदी साधा: मुद्दे जाड कार्डावर लिहा. मध्येच काही आठवेना झालं, तर थांबा, श्वास सावकाश सोडा. आपल्याला लांबलचक वाटणारी ती शांतता ऐकणाऱ्याला नुसता विराम वाटते.

आणि ‘माफ करा, मी जरा घाबरलोय’ अशी सुरुवात तेवढी टाळा. ज्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, त्यांना आपणच कशाला कळवायचं?