राडारोड्याचा हिशेब

(दृश्य: मुंबईतली जुनी इमारत. खिडक्यांच्या चौकटी सोडवणारे कामगार.)

पाडकामात आधी उतरतात दारं, खिडक्या, ग्रिल. मग छपराचे वासे, सागवानी तुळया. एकेक खिळा उपसून काढतात, कारण खिळ्यासकट लाकूड करवतीला लावता येत नाही. ठेकेदाराने या मालाचं गिऱ्हाईक बहुधा आधीच गाठलेलं असतं. शेवटी स्लॅबवर घण. सळया भंगारात जातात आणि मागे उरतो राडारोडा.

बांधकामातल्या चक्रीय अर्थव्यवस्थेचं, म्हणजे जुना माल फेकून न देता पुन्हा वापरात आणण्याचं, मूल्यमापन बहुतेक वेळा इथून सुरू होतं. म्हणजे सगळ्यात चोख पुनर्वापर होऊन गेल्यावर!

(दृश्य: वजनकाट्यावर डंपर.)

मुंबई महापालिकेचे राडारोडा प्रक्रिया प्रकल्प दोन, दहिसर आणि डायघर. प्रत्येकी क्षमता रोज 600 टन. क्रशर, चुंबक, चाळण्या. बाहेर पडते खडी आणि वाळू.

पावतीवर मात्र फक्त वजन येतं. हाच माल खड्ड्यात भराव म्हणून टाकला तरी पुनर्वापर, नव्या काँक्रीटमध्ये घातला तरी पुनर्वापर. दोन्हींना सारखेच गुण? हे काही पटत नाही.

काँक्रीटमध्ये घालायला परवानगी आहे. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनुसार एम 25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, 20 टक्क्यांपर्यंत जाडी खडी अशी राडारोड्यातली चालते. मर्यादा का, तर खडीला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. पाण्याचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं, चाचण्या वाढतात. साइटवरचा इंजिनिअर मग सरळ खाणीची खडी मागवतो. त्याला तरी काय म्हणणार? सही त्याची असते.

1 एप्रिल 2026 पासूनचे केंद्राचे नवे नियम 20 हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना राडारोड्याच्या पुनर्वापराचं उद्दिष्ट घालून देतात. चांगलंच आहे. पण तपासणी घण पडायच्या आधी हवी: सागवान किती, सळई किती, विटा कशात बांधलेल्या.

(दृश्य: अर्धवट पाडलेली भिंत, जवळून.)

ही भिंत चुन्यातली. करणीने टोकरलं की वीट अख्खी सुटते. पलीकडची, नंतर बांधलेली, सिमेंटची. तिथे सांधा सुटत नाही, वीटच फुटते. आज उभ्या राहणाऱ्या इमारतीची कागदपत्रं तपासताना हेही विचारायला हवं: उद्या ही सुटणार कशी?