मार्चमध्ये रोपं विकायची नाहीत

मंडळी, शिवरात्र झाली. थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली, असं माझी आजी सांगायची, आणि पंचांगापेक्षा तिचा त्या वाक्यावर जास्त भरवसा होता. निफाडच्या बाजूला पहाटे अजून गारवा असेल, पण माझ्या गच्चीवर दुपारी अनवाणी जाववत नाही आता. म्हणजे आपल्या बागप्रेमी मंडळाचा वसंताचा कार्यक्रम ठरवायची वेळ झाली. दरवर्षी या सभेत कार्यक्रम वाचला जातो, टाळ्या पडतात, चहा येतो. यंदा बोलायला मला उभं केलंय. तर चहाच्या आधी थोडं भांडून घेते.

माझं भांडण मार्चमधल्या आपल्या रोपविक्रीशी आहे. सहा वर्षं त्या टेबलामागे मीच बसलेय, तेव्हा ही टीका आधी माझ्यावर. पिटुनिया, डायंथस, साल्व्हिया, सगळं ऐन फुलावर आलेलं. माणसं हरखून जातात, दोन-दोन पिशव्या भरून नेतात. पण ही सगळी थंडीतली हंगामी झाडं. मार्चमध्ये त्यांचं वय झालेलं असतं. आपण आजीबाईला नटवून उभं करतो आणि नवरी म्हणून खपवतो. एप्रिल उजाडला की ती माना टाकतात, आणि नेणाऱ्याला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. गेल्या मार्चमध्ये मी स्वतः आपल्याच टेबलावरून अकरा रोपं घरी नेली. वटपौर्णिमेला मोजली तर तीन होती, आणि त्यातली एक कोरफड. कोरफड धरायची का, ते तुम्ही ठरवा.

ही वसंतात लावायची सवय आपल्याला लागली कुठून? बर्फाच्या देशात जमीन गोठलेली असते, ती सुटते वसंतात, म्हणून तिथे लावणी वसंतात. ते गणित त्यांच्या मातीला बरोबर आहे. आपल्याकडे कुलूप उघडतं ते मृगाच्या पावसानं. नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आता लावलेल्या कोवळ्या रोपानं पहिले तीन महिने काय प्यायचं? तुमच्या टाकीतलं. आणि तुम्ही मे महिन्यात आठ दिवस गावाला जाता तेव्हा?

मग वसंतात बागेत कामच नाही का? माझं म्हणणं उलट आहे. वसंत हा आपल्याकडे पुढच्या वर्षाच्या तयारीचा ऋतू आहे, आणि हे नाशिककरांना मी सांगायचं म्हणजे कमालच, कारण आपल्या चारी बाजूंना ते चालू असतं. इथे द्राक्षबागवाले किती आहेत? हात वर करा... बघा, सात-आठ तर पुढच्या दोन रांगांतच आहेत.

थंड देशातली द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकते आणि झोपते. आपल्याकडची झोपतच नाही. हवामान तिला झोपू देत नाही, म्हणून माणूस कात्री घेऊन तिचं वर्ष ठरवतो. वर्षात दोन छाटण्या, पीक एक. ऑक्टोबरची गोडी छाटणी सगळ्यांना ठाऊक असते, कारण तिच्यानंतर घड दिसतात. पण माल उतरल्यावर, एप्रिलच्या सुमाराला होते ती खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे तारेवर पसरलेल्या वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (नवी फूट येते त्या जागा) राखायचे आणि बाकी काडी उडवायची. त्या दिवसांत दिंडोरीकडे किंवा मखमलाबादकडे जाऊन बघा. पाहुण्याला वाटेल, बाग मेली. नुसते खुंट, नुसत्या तारा, खाली काड्यांचे ढीग. त्या मोडलेल्या बागेतच पुढच्या वर्षीचं पीक ठरत असतं. नवी फूट येते, आणि छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या काडीच्या डोळ्याच्या आत घड घडायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा ऊन भरपूर मिळालं, काड्यांची गर्दी झाली नाही, तर डोळ्यात घड तयार होतो. आभाळ राहिलं, फांद्या दाटल्या, तर त्याच जागी बाळी होते, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू. घड आणि बाळी दोन्ही एकाच मुळातून येतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि तिकडे ऑक्टोबरनंतर घड जिरला, म्हणजे न वाढता विरून गेला, की शेतकरी कपाळाला हात लावतो. चूक बऱ्याचदा उन्हाळ्यात होऊन गेलेली असते.

म्हणून पहिली सूचना: एप्रिलमध्ये आपल्या एका सभासदाच्या बागेत खरड छाटणी बघायला जायचं. वाइनरीची सहल नाही हं, ती ज्याला-त्याला आपापली करता येते. कात्री चालते ती बघायची. काडी कुठे कापतात, डोळा कसा मोजतात, छाटलेल्या काड्यांचं काय करतात, हे मजुरी करणाऱ्या बायकांना विचारायचं. त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

हेच घरच्या झाडांना लावून बघा. मोगरा आत्ता कळ्या धरतोय, त्याचं काम संक्रांतीला झालेलं असतं. पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, शेंडे छाटायचे, आणि मग खत-पाणी सुरू करायचं. माझ्या सासूबाई हे तिळगूळ वाटता वाटता करायच्या. ज्यांनी केलं नाही ते आता मोगरा येत नाही म्हणून मला फोन करतात. मी काय करू फोनवर? गुलाबाचंही तसंच. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटायचा, पंचेचाळीस दिवसांत पहिला बहर. मार्च-एप्रिलमध्ये त्याला हात लावायचा तो फक्त वाळकी फुलं काढायला. उन्हात उघडी पडलेली काडी भाजते. या गावाला एकेकाळी मुघलांनी गुलशनाबाद, म्हणजे बागांचं गाव, म्हटलं होतं. त्या नावाची लाज राखायची तर निदान उन्हाळ्यात गुलाबाला कात्री लावू नका.

अपवाद आहेतच, नाही तर तुम्ही मला बाहेर पडू देणार नाही. अडेनियमची कुंडी बदलायला हेच दिवस बरे. कुंडीतून काढा, कुजलेली मुळं कापा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग भुसभुशीत मिश्रणात लावा. वर आठवडाभर पाणी नाही. काकडी, दोडका, गवार, भेंडी, ही उन्हाळी भाजी ज्यांनी अजून टाकली नाही त्यांनी या आठवड्यात टाकून मोकळं व्हावं. गुटी कलमाची, म्हणजे झाडावरच्याच फांदीला शेवाळ बांधून मुळं फोडवायची, कार्यशाळा मात्र कोणीतरी पुन्हा मार्चमध्ये सुचवलीय, ती जुलैत नेऊ. कोरड्या हवेत शेवाळाचा गोळा सुकतो आणि मुळी धरत नाही.

आता दुसरी सूचना, पाचोळा. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, घरचे याला वेड म्हणतात. कवितेत वसंत म्हणजे पालवी. पण आपल्या रस्त्यांवर पालवीच्या आधी पानगळ असते. पिंपळ, कडुनिंब, वड, सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात. रोज सकाळी झाडलोट होते, कोपऱ्यात ढीग लागतो, आणि आठच्या सुमाराला काडी लागते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजारांचा दंड सांगितला. आमच्या सोसायटीत मी तो आदेश नोटीस बोर्डावर लावला. पहारेकऱ्यानं शेकोटी पेटवायला तोच कागद घेतला. रागावणार कोणावर? त्याला ढीग नाहीसा करायला सांगितलेलं असतं, ढिगाचं काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

तर आपण सांगू. कोरड्या पानांत एका भाग नत्राला ५० ते ८० भाग कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना लागतो २५ ते ३०. म्हणून नुसता पाचोळा वर्षभर तसाच पडून राहतो आणि लोक म्हणतात, कुजत नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा उलट नत्रानं भरलेला, तो एकटा टाकला की वास सुटतो. दोघांचं लग्न लावायचं. एक घमेलं ओलं, तीन घमेली कोरडं, मूठभर शेणखत किंवा जुनं कंपोस्ट, आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल. पंधरा दिवसांनी वर-खाली करायचं. आता घातलेला ढीग पावसाच्या तोंडावर खत होऊन हातात येतो, म्हणजे ऐन लावणीला. आणि खत करायचं नसेल त्यांनी निदान कुंडीवर तीन बोटं जाडीचा थर द्या. पाण्याची पाळी एका दिवसानं लांबते, हे मी माझ्या गच्चीवर बघितलंय. बाहेरून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा विकत घ्यायच्या आणि दारातली पानं जाळायची, याला काय म्हणावं?

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: बी. रोपविक्रीच्या टेबलावर यंदा बियाणं ठेवू, आणि विकायचं नाही, अदलाबदल करायची. थंडीतली फुलझाडं उपटण्याआधी दहा-बारा बोंडं झाडावर वाळू द्या. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, हॉलीहॉक. घरची भाजी असेल तर एक चांगलं वांगं, एक दोडका काढायचा नाही, झाडावरच जून होऊ द्यायचा. पाकिटावर एफ-वन लिहिलेल्या संकरित वाणाचं बी मात्र आणू नका, त्याची पुढची पिढी कशी निघेल याचा नेम नसतो. दुधी आणि डांगराचं बी देताना शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी किंवा डांगर होता का, ते सांगा. मधमाशीला कुंपण कळत नाही. मागे मी एकींना गोल दुधीचं बी दिलं, त्यांच्याकडे लांबुळका, मध्येच कंबर असलेला तंबोऱ्यासारखा दुधी आला. त्या अजून मला ‘तंबोरेवाल्या ताई’ म्हणतात. बसल्यात इथेच.

झाडांचं बी गोळा करायला तर हाच हंगाम. शिरीषाच्या शेंगा आत्ता खुळखुळतात. करंज पुढच्या महिन्यात, सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटून कापूस उडवतील, पळसाच्या चपट्या शेंगा मेपर्यंत. बहाव्याचं गंमतशीर आहे. गेल्या उन्हाळ्यात जी फुलं तुम्ही बघितलीत त्यांच्या शेंगा आत्ता काळ्या होऊन पिकल्यात, म्हणजे शेंगेला जवळपास वर्ष लागतं, आणि नवी फुलं येतात तेव्हा जुनी शेंग अजून फांदीवर असते. हातभर लांब शेंग, आत एकावर एक चवल्यांच्या चळतीसारखे पडदे, काळा गोडसर मगज आणि प्रत्येक कप्प्यात एक बी. हे बी दगड आहे. वर्षानुवर्षं टिकतं, पण तसंच पेरलं तर फार थोडं उगवतं. कडेला पॉलिश पेपरनं घासायचं, आतला फिका रंग दिसला की थांबायचं, रात्रभर भिजवायचं. फुगलं की समजा जागं झालं. कडुनिंबाचं नेमकं उलट. निंबोळी जून-जुलैत पिकते आणि घरात ठेवलेल्या बीमध्ये दोन-तीन आठवड्यांनी फारसा जीव राहत नाही. म्हणून कोणी मला मार्चमध्ये ‘गेल्या वर्षीच्या निंबोळ्या आणल्यात’ म्हणून पिशवी देऊ नका. मी घेईन, पण कुटून कुंड्यांत घालीन.

पळसावरून आठवलं. रंगपंचमी आपल्याकडे मोठी. बाहेरगावचे धुळवडीला रंगून मोकळे होतात, आपण पाच दिवस थांबतो, आणि जुन्या गावात वर्षभर मातीनं बुजवलेल्या पेशवेकाळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, उघडल्या जातात. त्याच्या आधीच्या रविवारी पेठ रस्त्याला पळस बघायला जाऊ. झाडावरची फुलं तोडायची नाहीत, खाली सडा असतोच. ती तोडायचीच असतील तर आधी वर बसलेल्या भोरड्यांना विचारा, त्या शेकड्यांनी येतात आणि पळस-सावरीतला रस पिऊन पुढे जातात. गोळा केलेली फुलं पाण्यात उकळायची, पिवळा रंग उतरतो, चिमूटभर चुना टाकला की तो केशरीकडे झुकतो. पोरांना हे दाखवायचंच. माझा नातू चुना टाकल्यावर ‘जादू’ म्हणाला आणि पुढचा तासभर आमच्या घरातली प्रत्येक वाटी केशरी झाली.

रोपविक्रीतून मंडळाला पैसे मिळतात, त्याचं काय, असं खजिनदारसाहेब मघापासून डोळ्यांनी विचारतायत. रोपविक्री बंद करा म्हणत नाही मी. जूनच्या दुसऱ्या रविवारी करू. तेच टेबल, तीच माणसं, बरोबर आपलंच कंपोस्ट किलोवर विकू. पिटुनियावाल्यांना ऑक्टोबरात बोलावू, तेव्हा ती रोपं कोवळी असतात. नुकसान झालं तर पहिल्या वर्षी माझ्याकडून कापून घ्या.

येत्या रविवारी सकाळी सातला इथेच जमायचं आहे, बी सोलायला. कागदी पाकिटं करून आणा, प्लास्टिक नको, बुरशी येते. पाकिटावर झाडाचं नाव, जागा आणि महिना लिहा. ‘पिवळं फूल, शेजारच्यांकडून’ असं गेल्या वर्षी एकावर होतं, ते अजून कपाटात आहे. जुनी वर्तमानपत्रं, सुपं दोन-तीन, चाळणी. बहाव्याच्या शेंगा माझ्याकडे पोतंभर आहेत, फक्त त्या फोडायला कोणीतरी चांगला जड वरवंटा आणा. माझा वरवंटा मिक्सर आल्यापासून सापडत नाहीये.