नागपुरातलं काम नेमकं कोणत्या कार्यालयात?

राम राम मंडळी. लेकीचं बाळंतपण नागपूरच्या दवाखान्यात होतं आणि जन्मदाखला मागायला आपण गावच्या ग्रामपंचायतीत जातो. ग्रामसेवक हात वर करतो, आणि त्याचं काही चुकत नाही. आईबापाचं गाव कुठलंही असो, नोंद जन्माच्या ठिकाणीच होते. तेव्हा दाखला नागपूर महानगरपालिकेचा. दवाखान्यातून सुट्टी घेतानाच नोंद कोणत्या झोनला पाठवली, ते कागदावर लिहून घ्या. नोंदीची मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, मग हेलपाटे आलेच.

महानगरपालिकेचे झोन दहा: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. धरमपेठ झोन म्हणजे नुसती धरमपेठ नव्हे, आजूबाजूच्या कितीतरी वस्त्या त्यात येतात. फसगत होते ती इथेच. शिवाय पोलिसांची परिमंडळं वेगळी, विधानसभेचे मतदारसंघ वेगळे. एकाची हद्द दुसऱ्याला लागू नाही.

ही गुंतागुंत आजची नाही. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहानं 1702 च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. 1864 मध्ये नगरपालिका आली, 1951 मध्ये महानगरपालिका. 1956 मध्ये राजधानीपण गेलं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, पण जुन्या मोजणीच्या खुणा कागदावरून गेल्या नाहीत.

नागपुरात प्लॉट घेणाऱ्यानं इथे नीट कान द्यावा. विक्रीपत्रात 'मौजा मानेवाडा, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक तमुक' असं लिहिलेलं असतं. मौजा म्हणजे जुनं महसुली गाव. आता तिथे सिमेंटचे रस्ते असले तरी नाव तेच. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, एका तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या गटाचा क्रमांक. खसरा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, ही मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या सारावसुली पद्धतीच्या मुलखातली भाषा. वऱ्हाडातले श्रोते त्यालाच सर्वे नंबर म्हणतात, म्हणून अकोला-अमरावतीकडचा माणूस हा कागद पाहून गोंधळतो. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका, म्हणजे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघायची.

तालुकाही तपासा. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण हे दोन वेगळे तालुके, दोन्हींची तहसील कार्यालयं शहरातच. शहराला चिकटलेली कितीतरी गावं ग्रामीणमध्ये, काही हिंगण्यात, काही कामठीत मोडतात. दलाल म्हणतो, "नागपूरच हो भाऊ!" मौजा आणि तालुका ही दोन नावं त्याच्याकडून लिहून घ्या, आणि सातबारा त्याच तालुक्याचा काढा. कर महानगरपालिकेला भरला म्हणून जमीन नावावर होत नाही. फेरफार महसूल किंवा भूमापन खात्यातच होतो.

जाता जाता पुन्हा जन्मदाखल्याचं: बाळाचं नाव अजून ठरायचं असेल तर दाखला नावाविना निघतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही.